जागच्या तारा, फिरणारं क्षेत्र

विहिरीवरची थ्री-फेज मोटर उलटी फिरू लागली, तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, हे गावातल्या वायरमनला पक्कं ठाऊक असतं. असं का होतं, हे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला विचारा. तो बऱ्याचदा सूत्र लिहून दाखवतो, पण आत काय घडतं ते त्याला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

दोष त्याचा नाही. अशा इंडक्शन मोटरच्या स्टेटरमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या भागात, तारांची तीन वेटोळी एकमेकांशी 120 अंशांचा कोन करून घट्ट बसवलेली असतात. प्रत्येकाचं चुंबकीय क्षेत्र आपापल्या रेषेवर वाढतं, ओसरतं, उलटतं. फिरत एकही नाही. तिघांची बेरीज मात्र फिरते! फिरत्या क्षेत्राचं हे तत्त्व इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी 1888 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी निकोला टेस्ला यांना अमेरिकेत अशा मोटरींची पेटंटं मिळाली.

प्रत्येक वेटोळ्यातला प्रवाह म्हणजे एक फेज; तिन्ही फेज एकाच वेळी नाही, तर एकामागून एक शिखरावर पोचतात. एक क्षण धरू. पहिल्या फेजचा प्रवाह शिखरावर आहे, म्हणजे 1. त्या क्षणी उरलेल्या दोन्ही फेजमध्ये तो उणे अर्धा असतो. उणे असल्यामुळे त्यांची क्षेत्रं उलटतात आणि पहिल्याच्या दिशेने प्रत्येकी पाव भर घालतात. एकूण दीड. पुढच्या क्षणी तिन्ही प्रवाह बदललेले असतात, बेरीज दीडच राहते, पण तिची दिशा दाखवणारा बाण थोडा सरकलेला असतो. फळ्यावर अशी पाच-सहा चित्रं काढता येतात. मधलं सरकणं विद्यार्थ्याने मनात जुळवायचं. ॲनिमेशनमध्ये ते थेट दिसतं. दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये 50 हर्ट्झला हा बाण 20 मिलिसेकंदांत एक फेरी मारतो. पडद्यावर तीच फेरी दहा सेकंदांची करता येते.

म्हणून ॲनिमेशन लावलं की विषय समजला, असं मात्र होत नाही. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं, की ॲनिमेशन सरस ठरलेल्या अनेक प्रयोगांत त्यात स्थिर चित्रांपेक्षा माहितीच जास्त होती. 2007 मध्ये हॉफ्लर आणि लॉयटनर या संशोधकांनी 26 अभ्यासांतल्या 76 तुलना एकत्र केल्या तेव्हा फायदा दिसला, पण माफक.

याचं एक कारण साधं आहे. हलतं चित्र थांबत नाही. आधीचं डोक्यात बसण्याआधी पुढचं येतं. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी वीज कशी पडते याचं ॲनिमेशन 16 तुकड्यांत कापलं आणि पुढे जाण्याचं बटण विद्यार्थ्यांच्या हाती दिलं. सलग पाहणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांनी नवे प्रश्न चांगले सोडवले. मेरी हेगार्टी यांच्या फ्लशच्या टाकीवरच्या प्रयोगांतही, आतले भाग कसे हलतील याचा अंदाज आधी बांधणाऱ्यांना यंत्र जास्त कळलं.

मला यात शिक्षकाचं खरं काम दिसतं: योग्य जागी थांबवणं. पहिला फेज शिखरावर असताना चित्र थांबवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेजच्या वायरी बदला आणि विचारा, चित्रात काय फरक पडला? काहीच नाही. दोघांतही उणे अर्धाच आहे, बाण तिथेच आहे. सरळ आणि उलट्या मोटरचं या क्षणाचं चित्र हुबेहूब सारखं असतं. आता प्रत्येकाला वहीत पुढचा बाण काढू द्या, मगच बटण दाबा.