हत्यारं टाकून फुफ्फुसात मुक्काम करणारा जिवाणू

सिस्टिक फायब्रोसिस या घट्ट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या मुलाच्या कफात स्युडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू पहिल्यांदा सापडतो, तेव्हा प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या प्लेटवर त्याच्या चपट्या, हिरवट वसाहती दिसतात. काही वर्षांनी त्याच मुलाच्या कफातून फुगीर, ओघळणाऱ्या, बुळबुळीत वसाहती उगवतात. बहुतेक वेळा नवा जिवाणू आलेला नसतो, जुनाच बदललेला असतो.

हा मूळचा माती-पाण्यातला जीव. बेसिनच्या जाळीखालीही राहतो. निरोगी फुफ्फुस त्याला झाडून टाकतं. या आजारात मात्र ७व्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर जनुकात दोष असतो. पेशींतून क्लोराइड नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे पाणीही कमी येतं. कफ घट्ट होतो आणि श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना तो वर ढकलता येत नाही. त्याच्या गाठींच्या आत प्राणवायू जवळपास नसतो.

नवखा जिवाणू पोहायची शेपटी आणि पेशींत विष टोचणारी सुई घेऊन येतो. पण शेपटीच्या प्रथिनावरूनच आपल्या संरक्षक पेशी त्याला ओळखतात. म्हणून ज्यांची शेपटी गळते, सुई बंद पडते, ते टिकतात.

सर्वांत घातक बदल अगदी क्षुल्लक असतो. म्यूक-ए जनुकात डीएनएचं ‘जी’ हे अक्षर एका ठिकाणी सलग ५ वेळा येतं. नक्कल होताना त्यातलं एक गळलं की प्रथिन अर्धवट बनतं. हे प्रथिन अल्जिनेट या चिकट पदार्थाच्या उत्पादनावरचा लगाम असतं. तो सुटला की जिवाणू अल्जिनेटचा गोंद ओतत राहतो. या गोंदातल्या जिवाणूंना पांढऱ्या पेशी गिळू शकत नाहीत.

लास-आर हे जनुकही वारंवार बिघडतं. शेजाऱ्यांचे रासायनिक इशारे ऐकून हल्ल्याची सामग्री बनवणं हे त्याचं काम. कफात अमिनो आम्लं तयार मिळतात, त्यामुळे हा खर्च परवडत नाही. अशा वसाहतींवर प्लेटवर धातूसारखी चकाकी दिसते. काही वंशांत डीएनए-दुरुस्तीचं म्यूट-एस जनुकच मोडतं आणि बदलांचा वेग कित्येक पटींनी वाढतो. एका रुग्णाच्या ६ महिने आणि ९६ महिने वयाच्या नमुन्यांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मधल्या काळातले ६८ बदल मोजता आले.

प्रतिजैविकं इथेच फसतात. टोब्रामायसिन पेशीत शिरायला जिवाणूची श्वसनऊर्जा लागते. प्राणवायूविना सुस्त पडलेल्यांत ते पुरेसं शिरतच नाही. औषध बाहेर फेकणाऱ्या पंपावर लगाम ठेवणारं मेक्स-झेड जनुक मोडलेले जिवाणू तर शिरलेलं औषधही पंपाने बाहेर फेकतात. एकाच कफात असे वेगवेगळे प्रकार नांदतात, म्हणून एकाच वसाहतीवरून काढलेला संवेदनशीलता अहवाल (कोणतं प्रतिजैविक लागू पडेल ते सांगणारा) दिशाभूल करू शकतो. प्रयोगशाळेने प्रत्येक रूपाची वसाहत वेगळी तपासायला हवी.

उपचाराची खरी संधी गोंद तयार होण्याआधी असते. पहिल्यांदा जिवाणू सापडताच लक्षणं नसली तरी वाफेतून टोब्रामायसिन, साधारण ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस देतात. क्रमही महत्त्वाचा: आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध, मग खारट पाण्याची वाफ, नंतर कफ काढण्याचे व्यायाम आणि शेवटी प्रतिजैविक. उलट केलं तर औषध कफावर बसतं आणि कफाबरोबरच बाहेर पडतं. नेब्युलायझरचे (वाफ देणाऱ्या यंत्राचे) भाग प्रत्येक वेळी धुऊन, निर्जंतुक करून पूर्ण कोरडे करावे लागतात, कारण ओल राहिली तर त्यातही हाच जिवाणू वाढतो.