कानाने धरलेला नेम

दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली असताना एकीने दुसरीला हेरून, नेम धरून बुडवल्याचं युद्धाच्या इतिहासात एकच उदाहरण सापडतं. तारीख ९ फेब्रुवारी १९४५, ठिकाण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं फेडये बेट. नेम धरणारा होता ब्रिटिश पाणबुडी 'व्हेंचरर'चा कप्तान जेम्स लाँडर्स, वय अवघं २५. तीनच महिन्यांपूर्वी त्याने 'यू-७७१' ही जर्मन पाणबुडी बुडवली होती, पण ती पाण्यावर असताना. हे काम वेगळंच होतं.

समोर होती 'यू-८६४'. जपानसाठी जेट इंजिनांचे भाग आणि पोलादी बाटल्यांत भरलेला सुमारे ६५ टन पारा घेऊन ती निघाली होती. वाटेत इंजिन बिघडलं आणि ती नॉर्वेतल्या बर्गेन बंदराकडे माघारी वळली. ब्रिटिशांनी जर्मन संदेश फोडलेले असल्याने व्हेंचररला नेमकं याच टापूत पाठवलं होतं. त्या बिघडलेल्या इंजिनाचाच आवाज व्हेंचररच्या हायड्रोफोनवाल्याला, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर बसलेल्या माणसाला आला. आधी वाटलं, मासेमारीची एखादी डिझेल बोट असेल. मग पाण्याबाहेर डोकावणारा पेरिस्कोप दिसला.

लाँडर्सकडे अ‍ॅस्डिक, म्हणजे आजच्या सोनारचा पूर्वज होता. ध्वनीचा ठोका सोडायचा, प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला ते मोजायचं, की अंतर मिळतं. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. पण तो ठोका शत्रूलाही ऐकू जातो. लाँडर्सने अ‍ॅस्डिक बंदच ठेवलं आणि नुसतं ऐकत राहायचं ठरवलं.

इथे खरी अडचण सुरू होते. नुसत्या ऐकण्यातून दिशा कळते, अंतर नाही. अंधाऱ्या खोलीत डास कुठल्या बाजूला गुणगुणतोय हे कळतं, टाळी मात्र हुकते, तसंच हे. जवळून हळू जाणारी पाणबुडी आणि लांबून वेगाने जाणारी पाणबुडी, दोघींची दिशा सारख्याच गतीने बदलू शकते. त्यातून सुटायचं तर आपण स्वतः जागा आणि रोख बदलायचा, पुन्हा दिशा मोजायची आणि सगळ्या रेषा कागदावर उतरवायच्या. जितक्या जास्त रेषा, तितके खोटे पर्याय गळत जातात. लाँडर्सने हे जवळपास तीन तास केलं. बॅटरी घटत होती, आणि जर्मन पाणबुडी काही पूर्ण वर येईना.

उलट ती नागमोडी जाऊ लागली. नागमोडी चाल शत्रूचा नेम चुकवण्यासाठीच असते. पण वळणं ठरावीक अंतराने येऊ लागली की त्यांचीही लय सापडते, आणि लाँडर्सला ती सापडली.

राहिली खोली. त्या काळची नेम काढणारी यंत्रं पाण्यावरच्या जहाजांसाठी बनवलेली होती. लक्ष्य पृष्ठभागावर आहे हे गृहीतच धरलेलं. खोलीचा हिशेब त्यांच्यात नव्हता. तो लाँडर्सने डोक्याने केला. मधूनमधून पेरिस्कोप दिसतोय म्हणजे पाणबुडी फार खोल नाही, हा त्याचा आधार. टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीवर धावतो तो पाण्याच्या दाबामुळे: दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो, आणि आतली दाबपट्टी व लंबक मिळून मागची सुकाणू-पाती हलवत राहतात.

चुकीला जागा किती होती ते पाहा. टॉर्पेडोचा वेग ताशी ४५ सागरी मैल, म्हणजे सेकंदाला २३ मीटर. पोचायला दोनेक मिनिटं. तेवढ्यात ताशी ३ सागरी मैलांनी सरकणारी पाणबुडी १८० मीटर पुढे जाते. तिची स्वतःची लांबी ८७ मीटर. वेगाचा अंदाज ताशी दीड मैलाने चुकला, तर टॉर्पेडो एका पाणबुडीभर अंतरावरून जाणार. आणि हे ती सरळ जात राहिली तर! टॉर्पेडोची घरघर ऐकू येताच कुठलाही कप्तान वळणार आणि खाली बुडी मारणार.

म्हणून सव्वाबाराच्या सुमारास त्याने नळ्यांतले चारही टॉर्पेडो एकामागोमाग सोडले, मध्ये १७-१८ सेकंदांचं अंतर आणि खोली वेगवेगळी. शत्रू आत्ता कुठे आहे यावर नाही, तो पळून कुठे जाईल यावर हा नेम होता. पहिले तीन वाया गेले. चौथा लागला. यू-८६४ चे दोन तुकडे झाले आणि आतले सगळे ७३ जण मेले. लाँडर्सला डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक दुसऱ्यांदा मिळालं, म्हणजे 'बार'. मला यात नशिबाचा भाग अगदीच नव्हता असं वाटत नाही. पण चौथ्या टॉर्पेडोच्या वाटेत शत्रू यावा, अशी मांडणी आधीच करून ठेवलेली होती.

पाऱ्याची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. २००३ साली नॉर्वेच्या नौदलाला सुमारे १५० मीटर खोलीवर ते दोन तुकडे सापडले. बाटल्या गंजताहेत, आणि वर्षाला सुमारे ४ किलो पारा झिरपतो असा अंदाज पुढे आला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे तो तळाच्या गाळात बसतो. तिथले जीवाणू त्याचं मिथिलमर्क्युरी हे विषारी संयुग करतात आणि ते खेकड्यांत, माशांत साठत जातं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तिथली मासळी खाऊ नये, असा सल्ला सरकारला द्यावा लागला. अवशेष वर काढावेत की जागेवरच गाडावेत, यावर नॉर्वेत वर्षानुवर्षं वाद झाला. काढायला जावं तर गाळ ढवळून पारा पसरायची भीती, शिवाय आत न फुटलेले टॉर्पेडो. तळाचा उतारही ढासळणारा, म्हणून २०१६ मध्ये आधी त्यालाच भराव घालून आधार द्यावा लागला.