स्क्रीन रीडर, मराठी

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर, बटणे व सूचना आवाजात वाचून दाखवणारी अथवा ब्रेल पट्टीवर उमटवणारी आज्ञावली. दृष्टिहीन व अल्पदृष्टी व्यक्ती कळफलकाच्या किंवा बोटांच्या खुणांनी तिच्याकडून काम करवून घेतात.

उगम : पहिल्या स्क्रीन रीडरचे श्रेय कोणाला द्यावे, याबद्दल एकमत नाही. आयबीएममधील जिम थॅचर यांनी आपले दृष्टिहीन सहकारी जेसी राइट यांच्या गरजेतून डॉस या जुन्या संगणक प्रणालीसाठी केलेली आज्ञावली बहुधा आद्य मानली जाते. तिचा काळ १९८४ ते १९८६ असा वेगवेगळा दिला जातो. कार्यालयातील वापर आधी व विक्री नंतर, यामुळे हा फरक पडला असावा. त्यापूर्वीची बोलणारी टर्मिनले (मोठ्या संगणकाला जोडलेली पडदा-कळफलकाची यंत्रे) जमेस धरली तर उगम आणखी मागे जातो. मात्र ती स्वतंत्र यंत्रे होती. म्हणून थॅचर यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य असल्याने सामान्य घरांतील विद्यार्थ्यांना मोठा आधार झाला. त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या उच्चारकात (मजकुराचे आवाजात रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीत) मराठीही आहे.

मराठीतील अडचणी : मुख्य अडचण मजकूर साठवण्याच्या पद्धतीची आहे. डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या) कामात कृतिदेव, श्रीलिपी यांसारखे युनिकोडपूर्व फॉन्ट दीर्घकाळ वापरले गेले; युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी पद्धत. त्यांत डोळ्यांना देवनागरी दिसते. आत मात्र रोमन संकेत असतात. कृतिदेवमधील ‘नाशिक’ हा शब्द स्क्रीन रीडरला यू, के, एफ, अवतरणचिन्ह, के, डी असा मिळतो. संपूर्ण परिपत्रक असे असेल तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये असला की जसाच्या तसा वाचला जातो.

युनिकोडमध्येही ‘दऱ्या’ (डोंगरातील) आणि ‘दर्या’ (समुद्र) यांतील भेद नाजूक आहे. पहिल्यातील चंद्रकोरीसारखा रफार ऱ व हलन्त अशा जोडीने लिहिता येतो, तसाच र, हलन्त व शून्य-रुंदी जोडक (अक्षरे जोडणारे, न दिसणारे चिन्ह) यांनीही. दिसायला दोन्ही सारखे, पण संकेत भिन्न. त्यामुळे एका रीतीने टंकलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास निसटू शकतो. च, ज, झ यांचे दंत्य (जीभ दातांजवळ टेकवून केलेले) व तालव्य (टाळूला टेकवून केलेले) उच्चार लिपीत वेगळे दाखवले जात नाहीत. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील झ वाचक पुढच्या स्वरावरून ओळखतो, तर ‘हे जग’ आणि ‘शंभर वर्षे जग’ यांतील ज अर्थावरून. नियमांवर चालणारा उच्चारक तेथे चुकू शकतो. हिंदीचा आवाज लावून मराठी वाचणाऱ्या यंत्रात तर दंत्य उच्चार मिळतच नाही.

१९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘केलें’ असे अनुच्चारित अनुस्वार येतात. उच्चारक ते सानुनासिक वाचू लागला तर जुने गद्य कानाला परके वाटते. जुन्या पुस्तकांचे निव्वळ छायाचित्र काढले असेल, तर अक्षरओळख (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे) केल्याशिवाय तेवढेही ऐकू येत नाही.

नाशिक : येथे या विषयाला विशेष निकड आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) याच शहरात असून, त्याचे शिक्षण बव्हंशी घरी बसून वाचायच्या पाठ्यपुस्तकांवर उभे आहे. अशा विद्यार्थ्याला रोज वर्गात बसून ऐकण्याचा पर्याय नसतो. म्हणून पुस्तकाची युनिकोड प्रत ही दृष्टिहीन विद्यार्थ्याची प्राथमिक गरज ठरते. सार्वजनिक वाचनालयाची (१८४०) परंपरा पाहता जुन्या मराठी ग्रंथांचा प्रश्नही येथे आपोआप येतो. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड (मुंबई, १९५२) या संस्थेचे नाशिकमधील काम सातपूर भागातून चालते.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात मिळेल, अशा उपाययोजना शासनाने करावयाच्या आहेत. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी पुस्तकाची सुगम्य प्रत अटींसह, मालकाची वेगळी परवानगी न घेता करता येते.