मुलांच्या कॅन्सरमधली 'लाइन' आणि तिच्या मागून आलेले धोके

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, लेकराला सुया टोचून टोचून हाताची शीर सापडेनाशी होते. त्यात व्हिन्क्रिस्टिनसारखं केमोचं औषध शिरेबाहेर झिरपलं, तर कातडी आणि खालचं मांस सडतं. म्हणून छातीतून किंवा दंडातून नळी घालून तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ठेवतात. वॉर्डात तिला नुसतं 'लाइन' म्हणतात.

१९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातून नळी थेट हृदयापर्यंत सरकवून एक्स-रे काढला. या कामाचं नोबेल मिळायला १९५६ उजाडलं. महिनोन्‌महिने ठेवता येईल अशी नळी मात्र अमेरिकेत सिएटलला घडली. १९७३ची ब्रोव्हियाक नळी शिरेतून पोषण देण्यासाठी होती. मुलांच्या किडनीचे डॉक्टर रॉबर्ट हिकमन यांनी तिला जाड करून १९७९ मध्ये बोन मॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी वापरली. कातडीखाली नळीभोवती डेक्रॉन या कृत्रिम कापडाची छोटी पट्टी. तिच्यात मांस वाढतं, नळी धरून ठेवतं आणि जंतूंची वाट अडवतं. पुढे १९८०च्या दशकात केमोपोर्ट आला, म्हणजे नळीला जोडलेली, कातडीखाली बसणारी आणि वरून सुई टोचायची छोटी डबी.

घालतानाचे धोके, म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा शिरणं किंवा सुई धमनीत जाणं, सोनोग्राफीमुळे बरेच घटले. रक्ताच्या गुठळीचा धोका उरलाच, आणि ल्युकेमियावरचं औषध अ‍ॅस्परॅजिनेज तो वाढवतं. जंतुसंसर्गावर २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी साधा उपाय दाखवला: हात धुणं, कातडीला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावणं, पूर्ण निर्जंतुक कपडे, शक्यतो जांघेची शीर टाळणं, नको असलेली नळी लगेच काढणं. पण हे सगळं दवाखान्याच्या भिंतीआड. मुलाची लाइन तर घरी जाते, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

मराठवाड्यातली माणसं पूर्वी बार्शीचं कॅन्सर रुग्णालय नाहीतर मुंबईचं टाटा गाठायची. २०१२ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कॅन्सर रुग्णालय सुरू झालं आणि अनेकांचं अंतर कमी झालं. दंडातून घातलेल्या लाइनला, म्हणजे पिक लाइनला, मात्र आठवड्याला ड्रेसिंग आणि फ्लश (सलाइन सोडून नळी धुणं) लागतोच. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की घामाने ड्रेसिंगची कड सुटते. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात आईने दरवेळी साबणाने हात धुवायचे म्हणजे हंड्याचा हिशेब आला. दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचं ड्रेसिंग कोणत्या गावात व्हायचं, हे तर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलंच नसतं.

फ्लश केल्यावर तासाभरात पोर थंडीने कुडकुडायला लागलं, तर संशय आधी लाइनवरच घ्यायचा. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना १००.४ फॅरनहाइट तापही पुरेसा आहे. तेव्हा पॅरासिटामॉल देऊन सकाळच्या एसटीची वाट पाहायची नसते. अँटिबायोटिक दारात पाऊल टाकल्यापासून तासाभरात सुरू व्हावं लागतं, आणि कल्चरसाठी (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) रक्त त्याआधी लाइनमधूनच घेतात.