उपाशी ठेवणं वेगळं, विष घालणं वेगळं: कलम ११ आणि कलम ३२५

समजा, नाशिकच्या इंदिरानगरात एका बंगल्याच्या गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात कुत्रा आखूड साखळीला बांधलेला आहे, पाण्याचं भांडं कोरडं आहे आणि मालक गावाला गेलेत. दुसरीकडे, सिडकोत कुणीतरी खाण्यातून विष घालून एक कुत्रा मारला. लोक दोन्हीकडे एकच बोलतात: "पाच वर्षांची शिक्षा आहे, गुन्हा दाखल करा." पाच वर्षं आहेत, पण ती सिडकोतल्या प्रकरणात. गच्चीवरच्या कुत्र्यासाठी आहेत पन्नास रुपये.

गच्चीचं प्रकरण १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात बसतं. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, जादा ओझं लादणं, आखूड वा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, विनाकारण सोडून देणं हे सगळं येतं. मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हाही त्यात स्पष्ट गुन्हा आहे. शिक्षा मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्नास रुपयांत आज नाशकात धड मिसळही येत नाही. १९६० साली या रकमेला काही वजन असेल. तेव्हापासून ती तशीच आहे.

दंडापेक्षाही मोठी अडचण पोलीस ठाण्यात येते. कलम ११ मधले प्राण्याला क्रूरपणे ठार मारणं किंवा अवयव तोडणं, झुंजी लावणं असे मोजकेच प्रकार दखलपात्र आहेत, म्हणजे त्यात पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. उपासमार आणि साखळी त्यात नाहीत. त्यामुळे फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हवालदार टाळाटाळ करतोय असं वाटतं, पण बऱ्याचदा त्याचे हात कायद्यानेच बांधलेले असतात.

विषप्रयोग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये येतो. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, जायबंदी किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे एफआयआर होतो. जुन्या दंडसंहितेत ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती आणि जनावराची किंमत १० रुपये की ५० रुपये, यावर शिक्षा ठरायची. १ जुलै २०२४ पासून ती किंमत गेली. हा बदल चांगलाच, पण ३२५ साठी नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. "विसरलो हो, शेजाऱ्यांना सांगून गेलो होतो" म्हणणाऱ्या मालकावर ते सिद्ध करणं फार कठीण.

म्हणून "शिक्षा कडक करा" ही मागणी मोघम राहिली तर काही हाती लागत नाही. ठार मारणाऱ्याला कायद्यात शिक्षा आहे. हेळसांड करणाऱ्याला जवळजवळ नाही. २०१४ मध्ये जल्लीकट्टूवरच्या नागराज खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संसदेकडून जरब बसेल अशा दुरुस्तीची अपेक्षा व्यक्त केली. २०२२ मध्ये केंद्राने हरकतींसाठी मसुदा काढला. त्यात अतिक्रूरतेसाठी किमान ५० हजार रुपये दंड किंवा एक ते तीन वर्षं कैद, आणि ठार मारल्यास तीन ते पाच वर्षं असं सुचवलं होतं. माझ्या मते दंडाच्या आकड्याआधी उपासमार दखलपात्र करा असं मागायला हवं. एफआयआरच होत नसेल तर ५० हजार कुणाकडून वसूल करणार?

सध्यापुरतं: गच्चीच्या प्रकरणात अर्जावर ३२५ लिहून पाच वर्षांचा धाक घालू नका, अर्ज तिथेच ढिला पडतो. कलम ११ लिहा, तारखेसह फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला जोडा. या कायद्याखाली खटला घटनेपासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो, तेव्हा एनसीची प्रत घेऊन गप्प बसू नका. दंडाधिकाऱ्यांकडे तपासाची परवानगी मागा किंवा थेट खासगी तक्रार करा. खटला सुरू असताना जनावर पांजरपोळात किंवा उपचारकेंद्रात ठेवण्याचा आदेशही कलम ३५ खाली मागता येतो. उपाशी कुत्र्याच्या दृष्टीने दंडाच्या पावतीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.