पेनड्राईव्हमध्ये जागा आहे, तरी फाईल का जात नाही?

३२ जीबीचा पेनड्राईव्ह, अख्खा रिकामा, आणि ६ जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलं की मेसेज येतो फाईल खूप मोठी आहे. मग कोणी म्हणतं ड्राईव्ह डुप्लिकेट आहे, कोणी म्हणतं व्हायरस आलाय, दोनदा फॉर्मॅट मारा म्हणजे चालेल. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं, ड्राईव्ह फॅट३२ मध्ये (ही ड्राईव्हवर फायली मांडून ठेवायची एक पद्धत, म्हणजे फाईल सिस्टीम) फॉर्मॅट केलेला असतो एवढंच, आणि पुन्हा फॅट३२ मध्येच फॉर्मॅट केला तर दहा वेळा करूनही तेच होणार.

फॅट३२ प्रत्येक फाईलची ३२ बाइट्सची नोंद ठेवते. त्यात फाईलच्या साइजसाठी फक्त ४ बाइट्स, म्हणजे ३२ बिट्स. त्यात बसणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, तेवढ्या बाइट्सची, म्हणजे साधारण ४ जीबीची फाईल जाते, एक बाइट जास्त झाला की नाही. रिकाम्या जागेचा संबंधच नाही.

पण मला खरी मजा वाटते ती वेळेच्या नोंदीची. फाईल शेवटची किती वाजता बदलली हे लिहायला १६ बिट्स. तासाला ५, मिनिटाला ६, उरले ५, आणि ५ बिट्समध्ये ० ते ३१ एवढंच मावतं, सेकंद तर ५९ पर्यंत जातात! म्हणून सेकंद दोन-दोनच्या जोडीने मोजले. १०:१५:०७ ला सेव्ह केलेली फाईल तिथे गेली की ०६ किंवा ०८ होते. विंडोजची एनटीएफएस ही फाईल सिस्टीम मात्र सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत वेळ लिहिते. आता बॅकअपचं सॉफ्टवेअर साइज आणि वेळ ताडून बघतं, वेळ जुळत नाही, की त्याला वाटतं फाईल बदलली आणि न बदललेल्या फायलीही परत कॉपी करत बसतं. आरसिंक या फायली कॉपी करायच्या प्रोग्रॅममध्ये यासाठी मॉडिफाय-विंडो नावाचा ऑप्शन आहे, तो १ ठेवला की एका सेकंदाचा फरक सोडून देतो.

मोठ्या फायलींसाठी एक्सफॅट ही फाईल सिस्टीम घ्या, तिथे साइजला ८ बाइट्स आहेत. पण तिच्यात जर्नल (चालू बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंद) नाही, त्यामुळे कॉपी चालू असताना ड्राईव्ह उपटू नका, आणि लिनक्सच्या परमिशन्सही (फाईल कोणी वाचायची, कोणी बदलायची हे) तिथे टिकत नाहीत.

"१००% सेफ टर्बो कॉपी" वगैरे जाहिरातींवर पैसे घालवू नका, दोन्हीकडच्या फाईलचा एसएचए-२५६ चेकसम (फाईलमधल्या डेटावरून निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढा आणि जुळवा, फुकटात होतं. फक्त कॉपी झाल्या झाल्या चेकसम काढू नका, तेव्हा फाईल अजून रॅममध्ये असते आणि चेकसम तिथूनच निघू शकतो, ड्राईव्हला हातही न लावता. आधी ड्राईव्ह इजेक्ट करा, काढून परत लावा, मग तपासा.