लोड किती लिहायचा? वीज कनेक्शनचा फॉर्म भरायच्या आधी एवढं वाचून घ्या

मार्च लागला की आमच्या दुकानात फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "दादा, एसी घेतलाय, नुसता पॉइंट काढून द्या, लोडबिड वाढवायच्या भानगडीत आम्हाला पडायचं नाही." पॉइंट काढायला आमची ना नाही. पण आम्ही आधी घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी मागतो, मागच्या मे महिन्याचं बिल मागतो, आणि पुढच्या पाच वर्षांत काय घेणार तेही विचारतो. इथं लोकांना राग येतो. शेजारचा वायरमन काही न विचारता दोन तासांत काम करून जातो, तुम्हीच एवढ्या चौकशा का करता, असं तोंडावर विचारतात. दरवेळी फोनवर सांगायला वेळ पुरत नाही म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय.

नाशिकमध्ये गेल्या काही वर्षांत घरं कशी बदललीत ते तुम्हीच बघताय. पूर्वी इथं एसी म्हणजे ऑफिसात आणि हॉस्पिटलात, घरी पंखा आणि फार तर कूलर, रात्री गार वारा असायचाच. आता पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड, म्हसरूळ, कुठंही जा, दोन बेडरूमच्या फ्लॅटला दोन एसी, गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, आणि खाली पार्किंगमध्ये चार्जिंगची गाडी. एवढं सगळं असून बिलावर मंजूर भार (म्हणजे वीज कंपनीकडं नोंदवलेला लोड) बघितला तर १ किंवा २ किलोवॅट. फॉर्म बिल्डरने भरलेला असतो किंवा आजोबांच्या काळातला असतो.

एका सोसायटीचं सांगतो, नाव लिहीत नाही. २४ फ्लॅट. बांधकामाच्या वेळी प्रत्येक फ्लॅटला २ किलोवॅट दाखवले, म्हणजे ४८, त्यात लिफ्ट आणि पंप धरून कंपाउंडमध्ये ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे सोसायटीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, बसली. त्या दिवशीच्या कागदाप्रमाणे यात चूक काहीच नव्हती. चार वर्षांनी मे महिन्यात रात्री अकराच्या सुमाराला फोन आला की तिसऱ्यांदा एक फेज गेली. गेलो तर सगळी सोसायटी खाली, लहान पोरं घामाने चिंब, एक आजी खुर्चीवर बसून वहीने वारा घेत होत्या. लाईट आल्यावर मेन पॅनलवर करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, तीन फेजपैकी आर फेजवर ११८ अँपिअर. ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरची मर्यादा फेजमागं साधारण ८७-८८. किटकॅट, म्हणजे फ्यूजचा ठोकळा, उघडला तर आत फ्यूज वायरच्या जागी कुणीतरी तांब्याच्या तारेचे तीन पेड पिळून घातलेले, आणि केबलच्या टोकाचं लग (जोडणीचा धातूचा तुकडा) निळंकाळं पडून त्याच्या वरचं पीव्हीसी मेणासारखं ओघळलेलं. तो फ्यूज उडत नव्हता म्हणून केबल जळत होती. आग लागली नाही हे नशीब.

हिशोब साधा होता. निम्म्या घरांत एक एसी, निम्म्यांत दोन, म्हणजे ३६ एसी. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट घेतो, म्हणजे नुसत्या एसीचे ५४ किलोवॅट, आणि फ्रिज-पंखे-टीव्ही वेगळेच. यातल्या एकाही घराने लोड वाढवून घेतलेला नव्हता, त्यामुळं महावितरणच्या सेक्शन ऑफिसच्या कागदावर त्या डीपीवर अजूनही ४८ किलोवॅटच होते. मोठा ट्रान्सफॉर्मर मागायला गेलो तर पहिला प्रश्न आला, मंजूर भार कुठाय? मग २४ जणांचे अर्ज गोळा करायचे, त्यातले चौघं पुण्यात, दोघं परदेशात, मग एस्टिमेट, मग नवी केबल, नुकतेच बसवलेले पेव्हर ब्लॉक पुन्हा उचकटले. आमच्याच त्या जागेवर सात फेऱ्या झाल्या. सगळ्यात जास्त वेळ जातो तो या एकाच चुकीत, वायर ओढण्यात नाही.

आता काही जण म्हणतात, वीज किती लागणार हे बघणं वीजवाल्यांचं काम, आमचं नाही. बरोबरच आहे, पण ते बघतात कसं हे समजून घ्या. (आधी एक गैरसमज काढतो: नाशिकला वीज महापालिका देत नाही, महावितरण देतं, त्यामुळं तक्रार घेऊन राजीव गांधी भवनात जाऊ नका. महापालिकेची स्वतःची वीज संस्था असणारी शहरं देशात मोजकी, मुंबई शहरात बेस्ट आहे, केरळात त्रिशूर महापालिकेचा वीज विभाग आहे.) संस्था महापालिकेची असो की सरकारी कंपनी, पुढची तयारी करायची रीत एकाच धर्तीची असते. दोन प्रश्न सोडवायचे असतात, वीज आणायची कुठून आणि ती तुमच्या गल्लीपर्यंत पोचवायची कशी.

वीज आणायची म्हणजे स्वतःच बनवावी असं नाही. बेस्टचंच घ्या, तिचं स्वतःचं वीज केंद्र नाही, विकत घेऊन वाटते. आपल्याकडं २००५ साली जुन्या वीज मंडळाची फोड झाली तेव्हापासून बनवणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर देणारी महावितरण, अशा वेगळ्या कंपन्या आहेत. नाशिकरोडहून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात म्हणून लोकांना वाटतं आपली वीज तिथूनच येते. तिथं २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, ती वीज ग्रीडमध्ये, म्हणजे तारांच्या सामाईक जाळ्यात जाते आणि ग्रीड सगळ्या देशाचं एकच आहे, कुठला संच आधी चालवायचा हे युनिटचा दर बघून ठरतं. म्हणून वीज विकत घेणाऱ्याला तीन पल्ल्यांचा विचार करावा लागतो. लांबचा पल्ला म्हणजे २५-२५ वर्षांचे करार, मधला म्हणजे थोड्या वर्षांचे, आणि जवळचा म्हणजे उद्याचा. उद्याचा दिवस १५-१५ मिनिटांच्या ९६ तुकड्यांत मांडून प्रत्येक तुकड्याला किती वीज लागेल हे आज सांगावं लागतं. अंदाज कमी पडला तर बाजारातून, म्हणजे एक्स्चेंजवरून घ्यायची, आणि टंचाईच्या वेळी तिथं युनिटचा भाव वरच्या मर्यादेला, १० रुपयांना टेकतो. जास्तीचे करार करून ठेवले तर न वापरलेल्या विजेचाही स्थिर खर्च द्यावा लागतो. दोन्हीकडून पैसे शेवटी तुमच्या-माझ्या बिलातच येतात, म्हणून अंदाज नेमका असण्याला एवढं महत्त्व. २०२३ पासून तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाच आहेत की वीज वितरण करणाऱ्याने पुढच्या १० वर्षांचा आराखडा करायचा आणि तो दरवर्षी नव्याने तपासायचा.

सोलर वाढल्यामुळं यात एक नवा पेच आलाय. दुपारी वीज भरपूर, पण संध्याकाळी सातला सोलर शून्य आणि नेमके तेव्हाच लोक घरी येऊन एसी लावतात, गाडी चार्जिंगला लावतात. त्यासाठी वीज साठवायची सोय लागते. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे भंडारदऱ्याच्या बाजूचं घाटघर, २५० मेगावॅटचं. मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी तेच खाली सोडून वीज काढायची. बॅटऱ्याही येतायत. पण धरण असो, बॅटरी असो की औष्णिक संच, काहीच एका उन्हाळ्यात उभं राहत नाही.

दुसरा प्रश्न पोचवण्याचा, आणि तुमच्या फॉर्मचा थेट संबंध इथं येतो. मोठं सबस्टेशन, मग ३३ केव्हीचं सबस्टेशन, मग ११ केव्हीचा फीडर (तुमच्या भागात येणारी लाईन), मग तुमची डीपी, मग घरापर्यंतची सर्व्हिस केबल. एक्स्चेंजवर कितीही वीज असली तरी डीपी लहान असेल तर तुमच्या घरात अंधारच. डीपीचा अंदाज बांधताना सगळ्यांचा लोड नुसता बेरजेने धरत नाहीत, कारण २४ घरांचे गीझर एकाच मिनिटाला चालू नसतात, कुणाची आंघोळ सहाला कुणाची नऊला, म्हणून बेरजेचा काही हिस्साच धरतात, याला आमच्यात डायव्हर्सिटी म्हणतात. हा हिशोब वर्षानुवर्षं बरोबर येत होता. एसीने तो मोडला. मे महिन्यात रात्री साडेदहाला सगळ्यांचे एसी एकदमच चालू असतात, तिथं डायव्हर्सिटी उरतच नाही, आणि रात्रभर गाडी चार्जिंगला लावली की तोही लोड त्याच तासांत येऊन बसतो.

आता कुंभमेळ्याचंच बघा. २०२७ चं सिंहस्थ आहे, तपोवनात साधुग्राम होणार, लाखो माणसं येणार हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथला लोड किती, डीपी किती, तात्पुरत्या लाईनी कुठून, याचं काम आधीपासून कागदावर घेता येतं. कुंभाची तारीख पंचांगात आहे. तुमच्या दुसऱ्या एसीची तारीख मात्र कुणाच्याच कागदावर नसते, ती फॉर्म भरूनच तिथं पोचते. म्हणून आम्ही मागं लागतो.

लोक लोड कमी का लिहितात तेही माहितीय, बिल वाढेल ही भीती. घरगुती सिंगल फेजला स्थिर आकार कनेक्शनमागं असतो, २ चे ५ किलोवॅट केले म्हणून तो दर महिन्याला अडीचपट होत नाही. थ्री फेजला जास्त असतो, आणि १० किलोवॅटच्या वर गेलात की आणखी लागतो, तेवढं मात्र लक्षात घ्या. लोड वाढवताना एकदाच भरायची रक्कम असते, ती आम्ही आधीच काढून सांगतो. सुरक्षा ठेव तुमच्या वापरावर ठरते आणि तिच्यावर व्याज मिळतं, ते बिलात जमा होतं. युनिट तर तुम्ही वापराल तेवढेच. आणि लपवूनही आता फार दिवस लपत नाही, स्मार्ट मीटर तुमची सगळ्यात जास्त मागणी नोंदवत असतो आणि वर्षात निदान तीनदा मंजूर भाराच्या वर गेलात तर भार सुधारून घ्यायची तरतूद नियमांतच आहे. मग आपणहून वाढवलेला काय वाईट?

सोलर बसवायचं असेल तर हाच आकडा पुन्हा समोर येतो. छतावरच्या पॅनलची क्षमता मंजूर भाराशी बांधलेली आहे. २०२४ च्या नियमांनी १० किलोवॅटपर्यंत हे सोपं केलंय, त्याला लागेल तेवढा भार वीज कंपनीनेच वाढवून द्यायचा आहे, पण अर्जातला, बिलातला आणि प्रत्यक्ष जागेवरचा आकडा जुळला तर काम पटकन होतं हा आमचा रोजचा अनुभव. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, पावसाळ्यात कमी. दुपारी घरात कुणी नसेल, सगळा वापर रात्रीचा असेल, तर मोठी सिस्टिम घ्यायची घाई करू नका, आधी बोलू.

आमचं काम थोडं महाग वाटतं हे मान्य. आम्ही मेन केबल आजच्या गरजेपेक्षा एक साइज वरची टाकतो, डीबीमध्ये (घरातल्या एमसीबीच्या पेटीत) तीन-चार जागा मोकळ्या ठेवतो, एसी आणि गीझरला वेगवेगळी लाईन, आणि नवीन बांधकाम असेल तर मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवतोच. त्या पाइपचा खर्च भिंत उघडी असताना किरकोळ असतो. नंतर गाडी घेतली आणि टाइल्स फोडायची वेळ आली की त्याची किंमत कळते, मागच्याच महिन्यात कॉलेज रोडच्या एका ताईंनी तेवढ्यासाठी फोन करून सांगितलं की दोन वर्षांपूर्वी तुमच्याशी वाद घातला होता, आज अर्ध्या दिवसात चार्जर बसला. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावलीत तर ३.३ किलोवॅट, मोठा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) घेतलात तर ७.२, म्हणजे एक गाडी जवळपास पाच एसीएवढी. सिंगल फेजची मर्यादा साधारण ४० अँपिअर, म्हणजे ९ किलोवॅटच्या आसपास, त्यात तो वॉलबॉक्स आणि दोन एसी बसत नाहीत, तिथं थ्री फेजच घ्यावं लागतं. तुम्हाला लागत नसेल तर थ्री फेज घ्या असं आम्ही कधीच सांगत नाही, यादी बघूनच ठरवतो.

यायच्या आधी एवढं करा. मागच्या एप्रिल-मेच्या बिलांचा फोटो काढून ठेवा, ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार दिसला पाहिजे. घरात फिरून प्रत्येक मोठ्या वस्तूच्या मागच्या पट्टीवरचे वॅट लिहून घ्या, पट्टी पुसली असेल तर मॉडेल नंबर चालेल. पुढं काय घ्यायचंय ते घरच्यांना विचारून लिहा, मुलगा गाडी घेणार असेल, वर मजला चढवायचा असेल, खाली पिठाची गिरणी टाकायची असेल, सगळं (धंद्याच्या गिरणीचं कनेक्शन सहसा घरगुतीत बसत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं). सोसायटी असेल तर सेक्रेटरींनी सगळ्या फ्लॅटचे मंजूर भार एका कागदावर आणावेत आणि डीपीवर लिहिलेली क्षमता बघून यावी, दुरूनच बघा, जाळीच्या आत जाऊ नका. यादी करून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही, जागेवर येऊन मोजायचं असेल तर व्हिजिटची फी लागते आणि काम आम्हालाच दिलंत तर ती बिलातून वजा होते. शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत या, मे महिन्यात आमची पोरं रात्रीअपरात्री फॉल्टवरच असतात आणि लोडच्या अर्जांचीही तेव्हाच गर्दी असते.